सगुणाची जांभई

मी मुंबईला दातांच्या कॉलेजात शिकत होते त्या काळात आमच्या महाडच्या घरात माझ्यासाठी काकूचे कायदे वेगळे होते. सुट्टीला आले की आधी मागच्या दारी दगडावर अंघोळ, केसांवरून पाणी, मग लुगडं बदलून आत. देवाच्या पाण्याला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही. आई मी लहान असताना गेली, काका त्याच्याही आधी गेलेले, तेव्हा मला वाढवलं ते या काकूने. जीव तोडून वाढवलं. पण उष्ट्याखरकट्याचं तिला भारी. "डॉक्टरीण होतेस तर हो बापडी," ती म्हणायची, "बाळंतपणं कर, चार बायका दुवा देतील. पण लोकांच्या तोंडात बोटं घालायची म्हणजे काय गो? थुंकीत हात! शी शी शी!" आणि एवढं बोलून स्वतःच माझ्यापुढे कुळथाचं पिठलं आणि गरम तांदळाची भाकरी सरकवायची, वर तुपाचा गोळा, आणि मी जेवत असताना माझ्या बोटांकडे एकटक बघत राहायची. त्या नजरेखाली मला घास गिळणं कठीण व्हायचं. आज या वयातही मी एकटीच जेवते तेव्हा मधूनच मला माझी बोटं दिसायला लागतात, आणि काकूचा राग येतो, आणि आठवणही येते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला औषधांचं दुकान चालवत. क्विनाईन, टिंक्चर, ओवाअर्क, लहान मुलांची बाळघुटी. मी दातांकडे गेले ती त्यांच्याच हट्टाने. दुकानाच्या पायरीवर गाल सुजलेली माणसं येऊन बसत, लवंगेच्या तेलाचा बोळा मागत, आणि अण्णा हळहळत, "यांचं बघणारं कुणी नाही हो या मुलखात." कॉलेजात मी वर्गातली एकटी मुलगी. त्याच्या कथा दुसरीकडे सांगेन, आत्ता नको. पण एका सुट्टीत मी अभ्यासासाठी कॉलेजातून एक खालचा जबडा घेऊन आले होते. खऱ्या माणसाचा. जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. काकूला वाटलं, मी तिच्यासाठी मुंबईहून काही काचेचं आणलंय, आणि तिने ते पातळ उलगडलं. मला वाटलं होतं ती घर डोक्यावर घेईल. ती मटकन खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "कुणाचा गो?" एवढ्या मोठ्या कॉलेजात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता. मग तो जबडा दुकानात मागच्या फळीवर गेला, आणि दिवेलागणीला काकू अण्णांना रोज बजावायची, "त्याच्यापुढे एक वात लावा हो. बिचाऱ्याचं कुणी नाही."

तिची दुसरी खोड म्हणजे चुटकी. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, नाहीतर उघड्या तोंडातून वाटेल ते आत शिरतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण काकू दुसऱ्याच्या जांभईलाही चुटक्या वाजवायची. अण्णा पेपर वाचताना जांभई देत, की माजघरातून चट चट चट आवाज यायचाच. मला हसू यायचं. आमचे सर, एक म्हातारे पारशी गृहस्थ, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते मात्र हसले नाहीत. "तुझी काकी शाणी बाई हाय," ते म्हणाले, "मोठ्ठा जांभई देला तर जबडा सांध्यातून निघून पुढे येते. मग मिटत नाय." आणि त्यांनी टेबलावरच्या कवटीच्या जबड्याला स्प्रिंग लावून आम्हाला तो बसवायला शिकवला. "पहिला खाली, मग मागे. उलटा केला तर मोडेल. आणि अंगठ्याला फडकं बांध, बसला की कुत्र्यासारखा चावते." आम्ही सगळ्यांनी कवटीवर तो खेळ केला. जिवंत माणसावर वर्गातल्या कुणीच केला नव्हता.

त्या वर्षी मी गणपतीला घरी आले होते. काकू मोदकांचं पीठ दळत होती आणि मी दुकानात अण्णांना पुड्या बांधून देत होते, तेव्हा एक तरुण पावसात भिजत येऊन पायरीखाली उभा राहिला. त्याचं डोकं नुकतं भादरलेलं होतं. अण्णांनी ओळखलं. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याच्या एका वाडीतला शिवराम. त्याचा थोरला भाऊ म्हादू मुंबईत गिरणीत होता.

"अण्णा, वैनीला दातखीळ बसलीय," तो म्हणाला.

"कांदा फोडून नाकाशी धरलात का?"

"धरला. पण ती मिटलेली नाय, अण्णा. उघडी हाय."

"उघडी दातखीळ? हे काय काढलंस?"

"तोंडच मिटत नाय तिचं. आ केलाय तो केलाय. कालचा नाय नि परवाचा नाय, त्याच्या बी आधीचा."

पायरीवर उभी असलेली गिऱ्हाइकं हळूच बाजूला झाली. शिवरामने मग थांबत थांबत सगळं सांगितलं. म्हादू मुंबईत तापाने गेला. सांगावा पोचेपर्यंत तिकडच्या माणसांनी त्याला अग्नीसुद्धा दिला होता. घरच्यांना ना तोंड दिसलं, ना राख मिळाली. म्हणून घरात दिवा ठेवला, त्याचं पाऊल उमटावं म्हणून खाली पीठ पसरलं, आणि दिव्याशी बसवलं त्याच्या बायकोला, सगुणाला. दिवा विझता कामा नये. भिंतीच्या फटीतून वारा येत होता, म्हणून तिने ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला होता. जागरणाने तिला जांभई आली. चुटकी वाजवायला हात काढावा तर दिवा जातो. तिने हात काढला नाही. जांभई मोठी आली आणि तशीच राहिली, आणि त्या फुंकरीने दिवाही गेला.

"भगत बोलला, हे बाहेरचं हाय, घरात ठेवू नका. मी तिला माहेराला सोडणार हाय, त्याआधी तुमच्याकडं काय औषध मिळतंय का बघायला आलो," शिवराम म्हणाला. "माहेरी कोण नाय तिचं, घरावर छप्पर पण नाय. पण आमी काय करणार? पोरंबाळं भितात. नि आये सोडीत नाय तिला. आये बोलते, त्या तोंडात दादा हाय."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी पुडी तशीच टाकून उभी राहिले होते. जबडा निखळलाय एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. शिकलेलं खरंच समोर सापडलं की होतो तसा. भीती मागून आली. त्या तोंडाने काही दिवस धड पाणीसुद्धा प्यायलं गेलं नसणार, आणि माहेरच्या त्या छप्पर नसलेल्या घरात ती किती तग धरणार? हे ऐकून काकू आडवी पडेल, असं मला घरी जाईपर्यंत वाटत होतं. पण तिने सगळं ऐकून घेतलं, आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ धडपा फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. पण तिथे एक जांभई देशील तर माझ्याशी गाठ आहे."

पोलादपूरपर्यंत आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो, पुढे चिखलातून चालत. भाद्रपदात त्या अंगाला धुकं घाट उतरून खाली येतं आणि भरदुपारी समोरचा माणूस हरवतो. शिवराम पुढे चालला होता, त्याचं नुसतं घोंगडं दिसत होतं. वाडीत घरोघर गणपती बसलेले. टाळांचा, आरत्यांचा आवाज धुक्यातून येत होता, पण कुठून ते कळत नव्हतं. आत्ता उजवीकडे, आत्ता पाठीमागे. मग आम्ही एक बांध ओलांडला आणि तो आवाज एकदम थांबला. हे घर सुतकाचं. इथे गणपती नाही, अंगणात पाऊल नाही, शेजारच्या कोंबड्यासुद्धा इकडे फिरकत नव्हत्या. आणि त्या शांततेत मला आतून एक आवाज ऐकू आला. आ. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, आ. माणूस हाकेला साद देतो तसा, पण शब्द न फुटलेला.

मला आत पाऊल टाकवेना. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सगुणा मधल्या मेढीला, घराच्या लाकडी खांबाला, टेकून बसली होती. वय माझ्याएवढंच असेल. कपाळ पांढरं, हात मोकळे, आणि चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग जणू दुसऱ्याच कुणाचा होता. हनुवटी पुढे आलेली, गाल आत खोल गेलेले, तोंड असं उघडं की आतली पडजीभ दिसावी. लाळ गळत होती आणि गळ्याशी बांधलेलं फडकं ओलं चिंब झालं होतं. नुसते डोळे तिचे होते. आणि तिच्यापुढे मांडी घालून बसली होती तिची सासू. म्हातारी काडीसारखी, पण तोंडावर असा आनंद की मी चरकलेच. सुतकाच्या घरात आनंदी माणूस बघण्यासारखं भयंकर दुसरं काही नाही. तिच्या हातात पेजेची वाटी होती आणि ती चिमटीने सुकट सोडून त्या जिभेवर ठेवत होती.

"खा रे म्हादू. सुकट हाय, तुला आवडते ती. म्हादू?"

"आ," त्या तोंडातून आलं.

"बघा, ओळखतोय मला," म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली. पेज सगळी गळ्यावरून ओघळत होती. सुकटीचा चुरा ओठाच्या कडेला चिकटला होता. मग म्हातारीने कानावरची विडी काढली, निखाऱ्यावर पेटवली, एक झुरका घेतला आणि तो धूर हळूच त्या उघड्या तोंडात सोडला. सगुणाला ठसका लागला, पण ठसका देता येईना. तिचं सगळं अंग नुसतं गदगदलं. "त्याला विडीबिगर चैन नाय पडत," म्हातारी कौतुकाने म्हणाली.

अण्णांनी खाकरून विचारलं, "सगुणा, पोरी, दुखतंय का फार?" काही उत्तर नाही. मी वाकून म्हटलं, "सगुणाबाई, मी दातांची डॉक्टरीण आहे. ऐकू येतंय ना?" नाही. डोळे माझ्यावर होते, पण आवाज नाही. म्हातारीने हळूच, झोपलेल्या पोराला उठवावं तशी हाक मारली, "म्हादू?" आणि लगेच, "आ." निखळलेल्या जबड्याला ओठ मिटता येत नाहीत, जीभ वर लागत नाही, म्हणून दुसरा कुठला आवाज निघूच शकत नाही, हे मी मनात घोकत होते. ते सगळं बरोबरच होतं. पण मग माझ्या हाकेला तोच आवाज का आला नाही, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

मी धडपा अंगठ्यांना गुंडाळायला लागले, तशी म्हातारी सावध झाली. "काय करणार तू?"

"तोंड मिटणार, आजी. सांधा सुटलाय, तो बसवणार."

"मिटू नको गो बाय!" तिने माझे दोन्ही हात धरले. काय ताकद होती त्या हातांत! "मुंबैत कुणी जाळला त्याला, कुठं जाळला, मला ठावं नाय. माझ्या हातचं पाणी नाय मिळालं त्याला. येवढ्या लांबनं चालत आला, एक दार उघडं दिसलं त्याला, तेवढं बी तू मिटतंस?" ती रडत नव्हती, विनवत होती, आणि ते जास्त वाईट होतं. शिवराम दारातून ओरडला, "आये, सोड! भगत बोलला ते खरं, ही बला हाय, हिला बाहेर काढतो मी!" आणि मला दिसलं, मी आत्ता काही बोलले नाही तर संध्याकाळच्या आत तो तिला ओढत नेणार.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हातारीजवळ बसले. "आजी, इकडे बघा. त्याच्या पोटात काय गेलं सांगा. ही पेज बघा, सगळी फडक्यावर. सुकट ओठाला. तो उपाशीच आहे हो. तोंड मिटल्याशिवाय घास गिळता येतो का कुणाला?"

म्हातारीने त्या ओल्या फडक्याकडे बघितलं. मग तिने माझे हात सोडले. "उपाशी हाय?" ती म्हणाली, आणि आपणच थोडी मागे सरकली.

मी सगुणाचं डोकं मेढीला टेकवलं, अण्णांना ते धरायला सांगितलं, आणि दोन्ही अंगठे तिच्या खालच्या दाढांवर ठेवले. आत विडीचा वास होता, आणि जीभ इतकी कोरडी की जुन्या चामड्यासारखी लागली. पहिला खाली, मग मागे. मी दाबलं. काही नाही. सांधा धरून बसला होता. तिचे हात वर आले आणि माझ्या मनगटांवर घट्ट बसले. मला वाटलं ती ढकलतेय, पण ती माझे हात खाली दाबत होती. माझ्याहून जास्त जोराने. मी सगळं अंग टाकून दाबलं, मग मागे ढकललं, आणि आत कुठेतरी लाकडी कडी पडावी तसा खट्ट आवाज झाला. तिचे दात माझ्या अंगठ्यांवर बंद झाले. धडपा होता म्हणून अंगठे राहिले. मी ते सोडवून घेतले तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर एक बारीक घरघर येत होती. ती थांबली होती. घर इतकं गप्प झालं की छपरातून गळणारं पाणी ऐकू यायला लागलं.

धडप्याचीच पट्टी करून मी तिच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधली. पुन्हा निखळू नये म्हणून तसं बांधतात. मेलेल्या माणसाचं तोंड उघडं पडू नये म्हणूनही तसंच बांधतात, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना तेच आठवलं असणार, कारण शिवरामने तोंड फिरवलं. म्हातारी पुढे सरकली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला होता. तिथे आता नुसती म्हातारी उरली होती. तिने सगुणाच्या बंद ओठांकडे बघितलं, आणि विचारायची हिंमत होत नसावी अशा आवाजात हाक मारली.

"म्हादू?"

सगुणाने डोळे मिटले, गिळलं. किती दिवसांनी तिला गिळता आलं होतं. मग तिने डोळे उघडले.

"ओ," ती म्हणाली.

स्पष्ट, ओठांचा गोल करून. जाड, खालचा आवाज. कोरड पडलेल्या घशातून कुणाचाही आवाज तसाच येणार, एवढं मला तेव्हाही कळत होतं, आज तर चांगलंच कळतं. पुढे आयुष्यभर मी असे जबडे बसवले, त्यांतल्या प्रत्येकाचा पहिला शब्द घोगराच होता. पण त्या 'ओ'ने माझे हात गार पडले, आणि इतक्या वर्षांनी हे लिहितानाही पडलेत. म्हातारीने सगुणाचं डोकं छातीशी ओढून धरलं आणि आत्ता कुठे ती रडली, हंबरडा फोडून. शिवराम भिंतीला चिकटला होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाय, तू शिकलेली. तूच सांग. कोण बोललं आत्ता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णासुद्धा. म्हातारीच्या खांद्यावरून सगुणाचे डोळे माझ्यावर लागले होते, टक्क जागे. ती विनवत होती की मला बजावत होती, की ते डोळे तिचे नव्हतेच, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. एवढं कळलं की मी 'सगुणा' म्हटलं तर ती या घरची कुणी नाही. नवरा नाही, पोर नाही, आणि हा दीर तिला आजच्या आज त्या छप्पर नसलेल्या घरात नेऊन टाकणार.

"हाक कुणाला मारली आयेने?" मी विचारलं.

"दादाला."

"मग ओ कोण देणार?"

शिवराम खाली बसला आणि त्याने चुलीत लाकडं सारली. म्हातारीने डोळे पुसले, पेज गरम करून वाटी भरली आणि सगुणाच्या हातात दिली. सगुणाने ती दोन्ही हातांनी धरली आणि पट्टी बांधलेल्या तोंडाने, दातांच्या फटीतून, घटाघट ओढायला लागली, एक थेंब खाली पडू दिला नाही. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"हळू रे," ती म्हणाली, "हळू. हाय अजून."